बॅज नसलेली ड्युटी

ट्रॉम्बेला बस संपते. पुढे कोळीवाडा, जेट्टी आणि खाडी. मुंबईच्या या टोकाला राहून मुलाला ऑक्युपेशनल थेरपी द्यायची असेल, बोलण्याचा सराव हवा असेल किंवा तपासून सर्टिफिकेट घ्यायचं असेल, तर वाटा ठरलेल्या आहेत. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय बसने. शिवडीची जय वकील संस्था हार्बरने. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था म्हणजे दोन वाहनं बदलून. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र वाशीत, मानखुर्दहून खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन, पण महापालिका दुसरी. मुंबईत सोयी नाहीत असं मी म्हणणार नाही. सोयी आहेत. त्यांच्या आणि आमच्या मधलं अंतर मात्र दर आठवड्याला कोणीतरी कापत असतं, आणि ते कोणीतरी बहुतेक घरांत आई असते.

मी भाभा अणुसंशोधन केंद्रात तंत्रज्ञ आहे. राहायला अणुशक्तीनगरच्या क्वार्टरमध्ये, सासुरवाडी ट्रॉम्बे कोळीवाड्यातली. थोरला मुलगा सोळा वर्षांचा, ऑटिस्टिक. धाकटी अकरा वर्षांची, तिला तसं काही नाही. आणि मी स्वतः, ज्याला चाळिशी उलटल्यावर एडीएचडीचं निदान मिळालं. म्हणजे चौघांच्या घरात दोघांची डोकी वेगळ्या रीतीने चालतात. अशा घरांना हल्ली न्यूरोडायव्हर्जंट कुटुंब म्हणतात.

यात काय काय येतं, ते थोडक्यात. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता: माणसांशी बोलण्या-वागण्याची तऱ्हा वेगळी, आवाज-उजेड-स्पर्श यांचा त्रास किंवा ओढ जास्त, ठरलेल्या क्रमाची गरज मोठी. एडीएचडी: लक्ष आणि चुळबूळ यांच्यावर ताबा ठेवणं अवघड. एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता: बुद्धी चांगली, पण वाचणं, लिहिणं किंवा गणित अडतं. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ सिनेमाने ही शेवटची गोष्ट घरोघरी पोचवली. भारतात पाच भागांतल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऐकण्या-पाहण्याच्या दोषांसकट मेंदूच्या वाढीशी संबंधित नऊ प्रकार धरले होते. साधारण आठातल्या एका मुलात त्यांपैकी एक तरी आढळला. तेव्हा हा काही ‘त्या बिचाऱ्यांचा’ विषय नाही. तुमच्या मजल्यावरही असं एखादं घर असेल.

बोट आईकडे

मूल वेगळं वागलं की पहिलं बोट आईकडे वळतं. मोबाइल दिला असेल, नोकरीपायी लक्ष दिलं नसेल, ग्रहण पाळलं नसेल. हे फक्त आपल्याकडचं नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तिथल्या तज्ज्ञांतही हा समज पक्का होता की आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं. ब्रूनो बेटेलहाइम यांनी तो गाजवला. मूल आधीच हाती लागत नाही, त्यात दोषही आपलाच, असं दुहेरी ओझं घेऊन एका पिढीच्या आया जगल्या.

तो समज मोडायला पालकच पुढे झाले. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ, मुलगा ऑटिस्टिक. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून दाखवून दिलं की कारण आईच्या मायेत नाही, शरीराच्या घडणीत शोधायला हवं. इंग्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांची मुलगी ऑटिस्टिक. त्यांनी १९६२ मध्ये इतर पालकांबरोबर संघटना उभी केली.

मुंबईचा इतिहासही हाच आहे. होरमसजी आणि जय वकील या दांपत्याची मुलगी दीना, तिला डाऊन सिंड्रोम होता. तिच्यासाठी त्यांनी १९४४ मध्ये जी शाळा काढली, तीच आजची जय वकील. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी. त्यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी काढली, आज ती ‘अडॅप्ट’ नावाने चालते. आमच्याच रस्त्यावर देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र तिने १९३७ मध्ये सुरू केलं, तेव्हा ती संस्था देवनारला आलेलीही नव्हती. मुलाचा प्रश्न घरासकट बघायचा, ही दृष्टी या शहरात इतकी जुनी आहे. ओपीडीच्या रांगेत मात्र ती सापडत नाही. तिथे फाइल मुलाच्या नावाची असते आणि आई म्हणजे फाइल धरणारा हात.

साठत जाणारा डोस

आमच्या कामात किरणोत्साराशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो. टीएलडी म्हणतात त्याला. तो तुमचं रक्षण करत नाही, तुम्हाला किती डोस मिळाला ते साठवून ठेवतो. ठरावीक मुदतीने तो प्रयोगशाळेत जातो, तिथे आतल्या चकत्या तापवल्या की साठलेल्या डोसच्या प्रमाणात त्या उजेड देतात. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांची बेरीज १०० च्या आत, आणि कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही, असा नियम आहे. आकडा वर जायला लागला की चौकशी होते आणि माणसाला त्या कामावरून हलवतात. तो शूर आहे की भित्रा, हे कोणी विचारत नाही.

पालकांच्या थकव्याला असा बॅज नाही. तो थोडा थोडा साठतो. मूल रात्री दोनला उठून बसतं, कारण ऑटिस्टिक मुलांत झोपेच्या तक्रारी फार. कुकरची शिट्टी होणार म्हणून स्वयंपाकाच्या वेळा त्याच्याभोवती फिरतात. नखं कापायला दोघं लागतात. लोकलच्या अपंगांच्या डब्यात चढलं की ‘धडधाकट तर आहे’ हे ऐकावं लागतं. म्हणून माझी बायको त्याचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, गळ्यात अडकवूनच घराबाहेर पडते. ती आधी शिवणक्लास चालवायची, तो बंद झाला. नातेवाइकांकडची लग्नं कमी झाली, मग आमंत्रणंही कमी झाली. यातली एकेक गोष्ट सोसण्यासारखी आहे. बेरीज कोणी करत नाही, आणि आकडा वर गेला तरी ड्युटी बदलत नाही. आई एक दिवस मुलावर हात उगारते किंवा महिनोन्‌महिने गप्प होते, तेव्हा लोक म्हणतात, ‘तिला झेपत नाही.’ तिला झेपत होतं, डोस जास्त झाला होता.

मी हे रडगाणं म्हणून लिहीत नाही, यात हिशेब आहे. आठवड्याचे तास १६८. त्यांत थेरपीचे दोन-तीन, शाळेचे तीसेक. उरलेले सगळे तास मूल घरच्यांबरोबर असतं. थेरपिस्टने दाखवलेलं प्रत्येक तंत्र शेवटी घरातल्याच माणसाला करायचं आहे. ते माणूस झोपलेलं नसेल, एकटं पडलेलं असेल, तर तंत्र कागदावरच राहतं. म्हणून पालकांची तब्येत हा उपचाराचाच भाग आहे. त्यांच्यावर उपकार करायचा प्रश्न नाही.

व्हिडिओ थांबवून बघताना

हे नुसतं माझं म्हणणं नाही. गोव्यातली ‘संगत’ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था. तिथे आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून ६५ ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. इंग्लंडमध्ये तज्ज्ञ जी पद्धत वापरत, ती इथे साध्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी वापरली. त्या घरी यायच्या, आई-मुलाच्या खेळाचा छोटा व्हिडिओ घ्यायच्या आणि तो आईबरोबर बसून बघायच्या. मुलाला थेट शिकवणं नाहीच. आईची नजर तयार करायची: मूल कधी आपल्याकडे वळतं, कशाने वळतं. अशा घरांत आई-मुलाचा एकमेकांना मिळणारा प्रतिसाद वाढलेला दिसला.

आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंनी याच धर्तीवर आम्हाला बसवलं होतं. मुलगा तेव्हा लहान होता. जमिनीवर पंख्याची सावली फिरत होती, तो पालथा पडून तीच बघत होता, आणि बायको समोर ठोकळे धरून ‘बघ लाल, बघ निळा’ म्हणत होती. ताईंनी व्हिडिओ थांबवला. म्हणाल्या, “वहिनी, तो कुठे बघतोय?” “सावलीकडे.” “मग तुम्हीही तिथेच या ना.” पुढच्या वेळी बायको काही न बोलता त्याच्या शेजारी पालथी पडली आणि सावलीत हात धरला. पात्यांची सावली तिच्या बोटांवरून सरकायला लागली. त्याने हात बघितला, हातावरून नजर वर नेली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसला. ताईंनी तेवढाच तुकडा तीनदा लावून दाखवला. इलाज केवढा, तर गप्प राहून वाट बघायची. पण घाईत असलेल्या, धास्तावलेल्या आईला वाट बघणं हीच सर्वांत अवघड गोष्ट असते.

जागतिक आरोग्य संघटनेचाही पालकांसाठी असा एक कार्यक्रम आहे: गटात नऊ बैठका, घरी तीन भेटी. तज्ज्ञ कमी असलेल्या ठिकाणी साध्या कार्यकर्त्यांनी तो चालवावा, अशीच त्याची आखणी आहे. खेळ, रोजची कामं, संवाद, अवघड वागणं या विषयांबरोबर पालकांनी स्वतःला कसं सांभाळायचं, हाही त्यात शिकवण्याचा विषय आहे. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र काढलं, तिथेही मुलाबरोबर कुटुंब धरूनच काम चालतं. ‘फोरम फॉर ऑटिझम’ ही तर मुंबईतल्या पालकांचीच संस्था.

आणि काही माणसांना हे कुठलंही शिबिर न करता जमतं. माझ्या सासूबाई मासळी विकायच्या. नारळी पुनवेला कोळीवाड्यात बँड वाजायला लागला की नातू कानांवर हात दाबून खाली बसायचा. सगळे समजूत घालायला धावायचे. सासूबाई म्हणायच्या, “त्याला शानपना शिकवू नका, काम द्या.” त्याला आतल्या खोलीत घेऊन जायच्या आणि सुक्या बोंबलांचा ढीग पुढ्यात टाकायच्या. लांब एकीकडे, आखूड एकीकडे. तो एकेक बोंबील जमिनीवर ताणून शेजारच्याशी मापायचा, शेपट्या एका रेषेत आणायचा. बँड पुढे निघून गेल्याचं त्याला कळायचंही नाही. कमी आवाजाची जागा, हाताला एकसुरी काम, आणि आजूबाजूला बोलणं बंद: ऑक्युपेशनल थेरपिस्टही हेच सांगतात.

घरात दोघं असतील तर

मुलाच्या तपासणीत डॉक्टर घरातल्या सगळ्यांबद्दल विचारतात. मी शाळेत कसा होतो, वस्तू हरवतात का, बिलं वेळेवर भरतो का. बायको खाली मान घालून हसत होती. एडीएचडीची अनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात मानतात, ऑटिझमचीही तशीच बरीच वरची. याचा अर्थ दहातल्या सात-आठ मुलांना ते आईबापांकडून मिळतंच, असा नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यात जनुकांचा वाटा एवढा मोठा असतो, असा आहे. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या कल्पनेबद्दल ज्यांनी १९९० च्या दशकात लिहिलं, त्या ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर याही आई, स्वतः आणि मुलगी अशा तीन पिढ्यांत हेच बघत होत्या.

निदानाने माझं नशीब बदललं नाही, पण घरातलं एक भांडण मिटलं. मुलाला क्रम लागतो आणि माझ्याकडून क्रम पाळला जात नाही, ही घरातली खरी ठिणगी होती. आता फ्रीजवर चित्रांची पट्टी आहे: आंघोळ, डबा, बस, शाळा. ती मुलासाठी लावली, पण तिच्याकडे बघून चालतो मी. अशा घरात एकाला सोय केली की ती बहुधा दुसऱ्यालाही लागू पडते.

धाकटीचं मात्र वेगळं आहे. अशा घरातलं दुसरं मूल फार लवकर शहाणं होतं, आणि त्या शहाणपणाचं कौतुक करून आपण त्याच्यावर आणखी ओझं टाकतो. थोरल्याच्या तज्ज्ञांनी आम्हाला साधं सांगितलं: आठवड्यातला काही वेळ फक्त तिचा, ज्यात दादाचा विषय नाही. मी तिला जेट्टीवर नेतो. ती बोलते, मी ऐकतो.

कागद आणि हक्क

आमच्या पालकांच्या गटाला नाव नाही, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात अणुशक्तीनगरचे आहेत आणि चिता कॅम्पचेही. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून माणसं जिथे नेऊन वसवली, तो चिता कॅम्प. मधे रस्ता एकच आहे, पण हक्कांच्या बाबतीत ही दोन गावं आहेत.

मी केंद्र सरकारचा नोकर. दिव्यांग अपत्य सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देणारा आदेश २०१४ पासून आहे. महिला कर्मचाऱ्यांना, आणि आता एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही, ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मुलाचं दिव्यांगत्व ४० टक्के असेल तर त्यात मुलाच्या वयाची अट नाही. विभागाची वैद्यकीय योजना आहे. आयकराच्या जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के असेल तर सव्वा लाखाची. गटातली चिता कॅम्पची एक आई घरकाम करते. तिच्या मुलाला एडीएचडी आणि एलडी. सायनला एक खेप म्हणजे तिचा एक खाडा. तिला यातलं काहीच नाही.

तिच्यासारख्यांनी काय मागावं, ते नीट सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकार. ऑटिझम आणि एलडी त्यात आहेत, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणून दोन्ही असतील तर एलडीची तपासणी करून घ्यायचीच. ती आठ वर्षं पूर्ण झाल्यावर होते. महाराष्ट्राने दहावीच्या परीक्षेत या मुलांना सवलती द्यायला १९९६ मध्ये सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी. सायन रुग्णालयाच्या एलडी क्लिनिकने यात मोठं काम केलं. ऑटिझमचं प्रमाण ‘इसा’ या चाळीस मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर ठरवतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. या चार प्रकारांतलं मूल अठरा वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. आमच्या घरी त्याची फाइल तयार होते आहे. ‘आपल्यामागे याचं काय’ हा प्रश्न रात्री छातीवर बसतो. दिवसा त्याच्यावर एक कागद ठेवला की तो थोडा हलका होतो.

शनिवारचे दोन तास

शेजाऱ्या-पाजाऱ्यांना, नातेवाइकांना मी दोनच गोष्टी सांगेन. एक: दुकानात, लिफ्टमध्ये मूल ओरडत असेल, जमिनीवर पडलं असेल, तर सल्ला देऊ नका, गर्दी हटवा, आवाज कमी करा. दोन: ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. कोणी सांगत नाही. ‘बुधवारी पाच ते सहा मी याच्याजवळ बसते, वहिनी तुम्ही फिरून या’, असं वार आणि वेळ ठरवून म्हणा.

वडिलांना एकच. बैठकांना या. आमच्या गटात सुरुवातीला आयाच होत्या आणि पुरुष खाली बाइकवर बसून राहायचे. आता काही जण वर येतात. पुरुषांना दुःखाबद्दल बोलायचं नसतं, तर चालतं. सर्टिफिकेटच्या फॉर्मबद्दल बोला, बाकीचं आपोआप निघतं.

आणि सरकारला. २०१६ च्या कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे, तिच्यात आईवडील आहेत. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. नॅशनल ट्रस्टकडे दिवसभराच्या आणि काही काळाच्या सांभाळाच्या योजना आहेत. शब्द सगळे छापलेले आहेत. पण एम पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार, ट्रॉम्बे, २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सर्वांत खाली होता, आणि इथल्या आईला विश्रांती घ्यायची तर त्यासाठीही बस पकडावी लागते.

मोठं केंद्र बांधायला वेळ लागेल, मान्य. तोवर महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग शनिवारी दुपारी दोन तास उघडा ठेवावा. प्रशिक्षण घेतलेल्या दोन ताई, पंखा, चटया, थोडे ठोकळे. मुलं आत, आयाबाप बाहेर. बाहेर त्यांनी काय करायचं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. झोपतील, भांडतील, चहा पितील. खर्च किती येईल, ते मी कागदावर मांडून ठेवलं आहे, आणि वर्ग कुठला तेही आमच्या गटाने बघून ठेवलं आहे. किल्ली तेवढी महापालिकेकडे आहे.